नव्या डोक्याचा जुना कीबोर्ड

शनिवारी सकाळी शिंगणापुरात आबासाहेबांच्या छापखान्यात नवा कॉम्प्युटर आला आणि दुपारच्या चहाआधी तो मुका झाला. दोष द्यायचा तर आबासाहेबांच्या भक्तीलाच द्यावा लागला असता, आणि छापखाना त्यांचाच असल्यामुळे तो कुणी दिला नाही.

नगरच्या विक्रेत्याचा माणूस टेम्पोतून खोकी घेऊन आला होता. त्यानं यंत्र टेबलावर मांडलं, वायरी जोडल्या, छापखान्यात टायपिंग करणाऱ्या प्रज्ञाला भराभर चार गोष्टी इंग्रजीत सांगितल्या आणि बदल्यात जुना कॉम्प्युटर टेम्पोत घातला. नवं यंत्र देखणं होतं. तोंडावर बटणं, हिरवे-तांबडे दिवे, एक बारीकशी किल्ली, चकचकीत चिकटपट्टी, सगळा थाट नव्या नवरीसारखा. जुना कीबोर्ड तेवढा त्या माणसानं परत प्रज्ञाच्या हातात दिला.

"हे धूड तुम्हालाच राहू द्या. नव्या मशीनला चालत नाही, आतली सर्किट जुनी आहे. याला कुणी कुत्रं विचारत नाही आता."

प्रज्ञाला ते बोलणं लागलं. ती याच कीबोर्डवर शिकली होती. पत्र्याचं बूड, दगडासारखं वजन, आणि प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग. बोट टेकवलं की बटण 'खट्ट' करून सांगायचं, पोचलं बरं का. त्यामुळे प्रज्ञा मान वर न करता अख्खी लग्नपत्रिका उतरवून काढायची आणि आबासाहेब मागच्या खोलीत पडल्या पडल्या आवाजावरून ओळखायचे, की पोरगी कामात आहे. नवा कीबोर्ड असा, की त्यावर बोट ठेवलं तर कणकेच्या गोळ्यात रुतल्यासारखं वाटावं.

टेम्पो गेला आणि आबासाहेबांच्या आई, बनाबाई, आतून बाहेर आल्या.

"काय रं आबा, शनवारी लोखंड घरात आनलंस व्हय?"

आबासाहेबांच्या पाचावर धारण बसली. कॉम्प्युटर म्हणजे लोखंड, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. शनीच्या गावात, शनीच्याच वारी. पण गावात राहणाऱ्या माणसाला यावर उपायही ठाऊक असतो. त्यांनी पूजा मांडली. बनाबाईंनी पुढं होऊन यंत्राला हळदीकुंकू लावलं, तोंडावरून हात फिरवला, काय हवं-नको ते पाहिलं. आबासाहेबांनी तेलाची वाटी घेतली आणि विचार केला, टीव्हीसारख्या डब्यात करंट असतो, मोठ्या डब्यातही असतो, तेव्हा तेल वाहायला सगळ्यांत सुरक्षित जागा म्हणजे कीबोर्ड. त्यांनी डोळे मिटून पळीभर तेल वाहिलं. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथं पळीभरानंच भागलं.

प्रज्ञानं ते फडक्यानं टिपलं, यंत्र सुरू केलं आणि बटण दाबलं. पडद्यावर कर्सर मिचमिचत राहिला. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. कर्सर आपला मिचमिचतोच आहे.

आबासाहेबांनी नगरला फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "कीबोर्डवर पाणीबिणी सांडलं नाही ना?"

"पाणी? छे, पाण्याचा थेंब न्हाई," आबासाहेब म्हणाले. ते शंभर टक्के खरं होतं, म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न यायच्या आत फोन ठेवून दिला. शिंगणापुरात तेल वाहिलं आणि वस्तू बिघडली, हे कुणाला सांगायची सोयच नव्हती. दुसरा कीबोर्ड मागवायचा तरी कारण सांगावं लागणार.

"प्रज्ञा, पुढच्या शनवारी अमावास्या हाय," ते हळूच म्हणाले. "दुकानदारांची सगळी कामं आल्यात. बुधवारपर्यंत हे चालू झालं न्हाई, तर कामं नगरला टाईपाला द्यावी लागतील. मग तू थोडे दिवस घरीच थांब."

थोडे दिवस म्हणजे किती, हे प्रज्ञाला न सांगता कळलं. तिचे वडील जालिंदर साखर कारखान्यावर उन्हातान्हात मोळ्या वाहत होते. खुर्चीवर बसून, डोक्यावर पंखा घेऊन पगार आणणारी त्यांच्या घरात ती पहिलीच. ती खुर्ची पळीभर तेलात घसरून जाते की काय, या विचारानं तिला घास गोड लागेना.

तिनं शेजारच्या सोनईहून गनीभाईंना बोलावून घेतलं. गनीभाई म्हणजे मोटार वाइंडिंगवाले. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडं यायच्या आणि जिवंत होऊन जायच्या. केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे वेढ्यावर वेढे घालताना त्यांचा हात बघत राहावा असा होता. स्वतःची स्तुती करण्यातही त्यांचा हात कुणी धरला नसता.

"आणा इकडं," ते बसता बसता म्हणाले. "गनीच्या हातनं आजवर एक मोटार परत आली न्हाई. ह्यात तर पानीसुद्धा चढवायचं न्हाई."

त्यांनी नवा कीबोर्ड उघडला. आत प्लॅस्टिकचा पातळ पडदा होता आणि त्यावर आबासाहेबांच्या भक्तीचा तवंग पसरला होता.

"पापड झाला ह्याचा," गनीभाईंनी निकाल दिला. "पन ही कोपऱ्यातली पट्टी बघ, हितं तेल पोचलेलं न्हाई. डोकं शाबूत हाय, हातपाय गेलेत."

प्रज्ञानं जुन्या कीबोर्डकडं पाहिलं. त्याचे हातपाय ठणठणीत, आणि डोकं जुनं म्हणून नव्या यंत्राला त्याचं बोलणं कळत नाही.

"गनीभाई, याचं डोकं त्याच्यावर बसवता येईल?"

गनीभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. दोन्ही कीबोर्ड शेजारी शेजारी ठेवून त्यांनी बटणं मोजून घेतली.

"पोरी, परत्येक बटनाची तार अलग काढावी लागंल. कोनती कुठं जाते ते तू सांगायचं. मी जोडनार."

तेवढ्यात बनाबाई चहा घेऊन आल्या. कपाबरोबर त्यांनी एक छोटीशी किल्ली गनीभाईंच्या तळहातावर ठेवली.

"ही तुझ्याकडं ठेव बाबा. तू सोनईचा, तुमच्यात चालतं. आमच्या घरात ही वस्तू शोभत न्हाई."

शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, मग कुलूप-किल्ली कुठली. एखाद्या भाविकाची बॅगेची किल्ली पडली असेल, असं समजून गनीभाईंनी ती हत्यारांच्या पेटीत टाकली आणि चहा प्यायले.

पुढचे दोन दिवस प्रज्ञा सोनईच्या दुकानात बसून होती. तिनं नव्या कीबोर्डच्या पडद्यावरच्या काळ्या रेषा बोटानं माग काढत काढत शोधल्या, कुठलं बटण कुठल्या दोन टोकांना जातं ते ती सांगत गेली, आणि गनीभाई जुन्या कीबोर्डच्या पोटात तार ओवत गेले. जुन्या वाटा पात्यानं खरवडायच्या, नवी तार घालायची, कथलाचा डाग द्यायचा, फुंकर मारायची. दुकानात मोटारी घेऊन आलेले शेतकरी खोळंबले, पण एकही उठून गेला नाही. तांब्याची ती बारीक नक्षी बघून एक म्हातारा म्हणाला, "पैठनी इनायला घेतली का काय?" आणि ते काही खोटं नव्हतं. प्रज्ञाला तर त्या दोन दिवसांत आपल्या काळजीचाही विसर पडला. इतकं सुंदर काम पत्र्याच्या झाकणाखाली कायमचं लपणार, याचंच तिला वाईट वाटलं.

मंगळवारी दोघं मोठ्या दिमाखात शिंगणापुरात आले. पिन लावली, यंत्र सुरू केलं. आबासाहेबांनी हात जोडले, तेल मात्र लांब ठेवलं होतं. प्रज्ञानं बटण दाबलं. 'खट्ट' असा आवाज खणखणीत आला. पडद्यावर कर्सर मिचमिचत होता.

गनीभाईंचा चेहरा उतरला. "एखादी तार सुटली असंल," म्हणून त्यांनी तिथंच जमिनीवर बसकण मारली, झाकण उघडलं आणि मीटर लावून एकेक तार तपासली. मीटर म्हणे सगळं ठीक. कर्सर म्हणे काही ठीक नाही. बुधवार उजाडला तेव्हा गनीभाईंनी निम्मे डाग उकलून पुन्हा दिले होते, दुकानाकडं फिरकले नव्हते, आणि सोनईत अफवा उठली होती की गनीभाई शिंगणापुरात मुक्कामी राहून नवस फेडताहेत.

दुपारी आबासाहेब पिशवीत कामाचे कागद भरू लागले. नगरची एसटी तीनला होती. ते प्रज्ञाकडं बघत नव्हते, हेच जास्त वाईट होतं.

"प्रज्ञा, तुझा काय दोष न्हाई गं," ते म्हणाले. "माझंच पाप हाय."

प्रज्ञानं मान खाली घातली. रडू येऊ नये म्हणून ती जुन्या कीबोर्डवरून बोटं फिरवत राहिली.

"मी वाइंडिंग सोडतो," गनीभाई एकाएकी म्हणाले. "मेंढरं घेतो. मेंढराला मीटर लावावं लागत न्हाई." आणि रागाच्या भरात त्यांनी हत्यारांची पेटी आवरायला ती सगळी फरशीवर पालथी केली. पक्कड, डागणी, खिळे, तारेचे तुकडे, आणि त्यांच्यातून घरंगळत एक छोटीशी किल्ली प्रज्ञाच्या पायाशी आली.

तिनं ती उचलली. चपट्या किल्लीसारखी ती नव्हती, तोंडाशी गोल नळी होती. प्रज्ञाचा जन्म शिंगणापुरातला. तिनं आयुष्यात कुलूप उघडलं नव्हतं, त्यामुळे किल्ली बघून कुलपाची आठवण होण्याची सवय तिला नव्हती. पण ही किल्ली तिनं कुठंतरी पाहिली होती. नव्या यंत्राच्या तोंडावर, दिव्यांच्या शेजारी. तिथं आता नुसतं एक गोल भोक होतं, आणि ती चार दिवस त्याला नक्षी समजत होती.

"आजी, ही किल्ली कुठली?"

"त्या डब्याचीच की," बनाबाई शांतपणे म्हणाल्या. "पूजेच्या वक्ताला दिसली मला. म्हनलं, आपल्या गावात कुलूप? देव काय म्हनंल? फिरवली, वढून काढली, न्‌ गनीला दिली."

प्रज्ञानं किल्ली त्या भोकात घातली आणि उलटी फिरवली. यंत्राच्या पोटात कुठंतरी बारीक टिक झालं, कीबोर्डला घातलेलं कुलूप निघाल्यासारखं. तिनं भीत भीत एक बटण दाबलं. खट्ट. पडद्यावर अक्षर उमटलं. मग तिनं मान वर न करता एक पूर्ण ओळ ठोकली, आणि अक्षर न्‌ अक्षर जागच्या जागी आलं. गनीभाईंची एकही तार चुकली नव्हती.

"काखेत कळसा न्‌ गावाला वळसा," गनीभाई म्हणाले. "मी पेटीत किल्ली घेऊन कुलपाशी झटत हुतो." मग ते उठून पडद्याजवळ गेले आणि आपण केलेल्या कामाकडं डोळे भरून पाहत राहिले. मेंढरांचा विषय पुन्हा निघाला नाही.

आबासाहेबांनी पिशवी खाली ठेवली. त्यांच्या मनात काहीतरी हळूहळू जुळत होतं.

"गनीभाई, आईनं किल्ली फिरवली ती पूजेच्या वक्ताला. म्हंजे त्या नव्या कीबोर्डला काय झालं हुतं?"

गनीभाईंनी कोपऱ्यातल्या नव्या कीबोर्डकडं पाहिलं. पडदा फाटलेला, डोकं काढून घेतलेलं, बटणं पिशवीत.

"तवा काय झालं न्हवतं," ते म्हणाले. "आता लई झालंय."

"म्हंजे माझ्या तेलानं...?"

"तेलानं कुठं काय बिघडतं व्हय," बनाबाई म्हणाल्या आणि पदर खोचून चहाला गेल्या.

आबासाहेबांचा चेहरा असा उजळला, की चांगल्या कीबोर्डची चिरफाड झाल्याचं दुःख त्यात शोधूनही सापडलं नसतं. ते मागच्या खोलीत जाऊन आडवे झाले. बाहेर प्रज्ञानं अमावास्येचं पहिलं पत्रक घेतलं आणि खटाखट खटाखट सुरू केलं. तिला राहून राहून वाटत होतं, आजींनी ती किल्ली काढली नसती तर आपण आज कणकेच्या गोळ्यावर बोटं आपटत बसलो असतो आणि हे धूड भंगारात गेलं असतं. ती उठून आत जाऊन बनाबाईंच्या पाया पडली. बनाबाईंना कारण कळलं नाही, पण त्यांनी आशीर्वाद भरपूर दिला.

निघताना गनीभाईंनी किल्ली पुढं केली. "ही ठेवा तुमची."

"न्हाई बाबा," बनाबाई म्हणाल्या. "उघडं झालंय न्हवं? मग तूच ने."

त्यांनी ती सोनईला नेली आणि दुकानात गिऱ्हाइकाला दिसेल अशी खिळ्याला अडकवली. मोटार घेऊन आलेला नवा माणूस विचारायचा, ही कसली किल्ली. गनीभाई चष्मा कपाळावर चढवायचे, हातातलं काम बाजूला ठेवायचे आणि सांगायला सुरुवात करायचे, "शिंगणापुरात मी एक कीबोर्ड वाइंड केलाय..."