भेरेकाका मशीनशी खोटं बोलत नाहीत

"थांब रे, इचार करून सांगतो."

सर्व्हर रूमच्या दाराशी मी हे ऐकलं आणि थबकले. आत भेरेकाकांशिवाय कोणीच नव्हतं. समोरच्या स्क्रीनवर 'मी रोबो नाही' असा चौकोन आला होता आणि काका त्याच्याकडे, पिंजऱ्यातला साक्षीदार वकिलाकडे बघतो तसे बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी टिक केली.

"नाय म्हंजे नायच," ते मला म्हणाले. "पण त्यानं इचारलंय तर बघाया नको?"

शहापूरच्या आमच्या कॉलेजातलं सगळं नेटवर्क भेरेकाका सांभाळतात. मुरबाडकडच्या गावातून स्कूटरवर येतात, हेल्मेट सर्व्हरच्या डोक्यावर ठेवतात आणि कामाला लागतात. त्यांचा नियम एकच. मशीनशी खोटं बोलायचं नाही. 'अटी वाचल्या आणि मान्य आहेत' हे आपण सगळे न वाचताच दाबतो. काका वाचतात. म्हणजे मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. "तू इंग्लिश शाळंतली ना गो? मंग वाच." नव्या प्रिंटरच्या अटी वाचताना दोनदा चहा झाला. मधलं एक कलम त्यांना पटलं नाही, म्हणून प्रिंटर आठवडाभर खोक्यातच राहिला. शेवटी "आमच्या बायकोला तरी लग्नात सगळं कुठं मान्य व्हतं" म्हणत त्यांनी हो दाबलं.

'नंतर आठवण करा' असं एकदा दाबलं, की आठवण येईपर्यंत ते त्या कॉम्प्युटरला बंद करत नाहीत. शब्द दिलेला असतो.

मी तिथे शिकाऊ होते. त्या महिन्यात माझी उमेदवारी संपणार होती आणि कायम करायचं की नाही, हे प्राचार्य ठरवणार होते. मी फार बोलत नाही. इतरांना ते खटकायचं. काकांनी मात्र स्टाफरूममध्ये माझी ओळख करून दिली ती अशी: "ही बोलतच नाय. म्हंजे खोटं पण बोलत नाय."

आमची फायरवॉल म्हणजे कॉलेजच्या इंटरनेटच्या दारावरचा वॉचमन. पण त्याला वेगळी पेटी नाही. मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणारा तो एक नकली कॉम्प्युटर, आणि त्याची चार नेटवर्क कार्डंही नकलीच, हातात धरता न येणारी. "आमच्या गावच्या बोहाड्यात मुखवटं घालून नाचत्यात ना, त्यातलं सोंग गो," काका सांगायचे. "मुखवट्यामागं आपला नाम्याच असतो. पन मुखवटा हाय तवर त्याला देवच म्हनायचं."

जुना सर्व्हर तापायला लागला, म्हणून आम्ही ते सोंग नव्या सर्व्हरवर नेलं. चालू करताच त्यानं प्रश्न विचारला. मी वाचून दाखवला: "मला इथे हलवलंत, की माझी कॉपी केलीत?"

काका खुर्चीत सरळ झाले. "जुना अजून तिथंच हाय का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग कॉपीच केली ना? खरं ते सांग त्याला."

मी खरं ते दाबलं, आणि अख्ख्या कॉलेजचं इंटरनेट गेलं.

प्रवेशाचे फॉर्म भरायचा दिवस होता. ऑफिसच्या खिडकीपासून सायकल स्टँडपर्यंत पोरं उभी. काकांनी केबल बदलल्या, स्विच बंद करून चालू केला, फायरवॉल पुन्हा पुन्हा उठवली. चारही कार्डं जागेवर दिसत होती, तरी एकातूनही काही जाईना. "जीव हाय, पन वळख देत नाय," काका पुटपुटले. मग त्यांनी मला दोन्हीकडच्या कार्डांचे पत्ते मोठ्यानं वाचायला लावले. प्रत्येक कार्डाला असा एक आकडी पत्ता असतो. जुन्याचे वेगळे निघाले, नव्याचे वेगळे. आम्ही 'कॉपी' म्हटल्यामुळे सर्व्हरनं प्रामाणिकपणे चार नवी कार्डं दिली होती, आणि वॉचमन त्या परक्यांना दारात उभं करत नव्हता.

उपाय सोपा होता. नव्या कार्डांवर जुने पत्ते हातानं लिहायचे. पण काकांचा हात पुढे होईना.

"जित्या मानसाचं नाव दुसऱ्याला लावायचं? ह्ये खोटं झालं गो."

बाहेर पोरं शिट्ट्या मारत होती. काकांनी जरा विचार केला, जुन्या फायरवॉलला यादीतून काढून टाकलं, तिला हात जोडले आणि म्हणाले, "हां. आता वारसाची नोंद करायला तलाठ्याची पन हरकत नाय." पत्ते लिहिले. इंटरनेट आलं. खिडकीपाशी आरडाओरडा झाला.

दुपारी प्राचार्यांनी दोघांना बोलावलं. माझी फाइल त्यांच्यासमोर उघडीच होती.

"भेरे, सकाळ वाया गेली. वीज गेली होती का?"

सरांनी सुटायला दार उघडून दिलं होतं. आमच्याकडे वीज जाते, कोणीही मानलं असतं.

"नाय सर. वीज व्हती. चुकीचं बटन दाबलं."

"कोणी?"

काकांनी एकदा माझ्या फाइलकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"मीच. मी एकलाच व्हतो तिथं."

"आणि ही?"

"ही... ही जेवाया गेल्याली."

"सकाळी साडेनऊला?"

"तरन्या पोरींना भूक लागते, सर," काका भिंतीकडे बघत म्हणाले. घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला, तो हातातून पडला, आणि उचलायला ते वाकले ते वर यायचं नावच घेईनात. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे काम त्यांनी कधी केलं नसावं. अजिबात जमत नव्हतं.

सरांनी पेन उघडलं.

"सर," मी म्हणाले, "काका खोटं बोलतायत. बटण मी दाबलं."