सदैव प्रयत्नशील

जांभळ्या शाईचा शिक्का, डावीकडे किंचित कललेला.

मिरजेत स्लॅब ओतायच्या दिवशी वासुदेवराव जेवत नसत.

कायझर्सलाउटर्नमध्ये रविवारी ड्रिल चालवायला मनाई आहे. चालवणाऱ्याची तक्रार करायला नाही.

सतारीची एक तार सुरात येईपर्यंत एका बीमचा हिशोब आरामात होतो.

'मनमिळाऊ' या शब्दाला जर्मनमध्ये प्रतिशब्द आहे. नसता तर बरं झालं असतं.

यातल्या कशाचा कशाशी काही संबंध असेल, असं निशिगंधाला २०१४ सालच्या त्या शनिवारी सकाळपर्यंत वाटलं नव्हतं. ती पोस्टातून परतली ती अगदी हलकी होऊन. तीन जाडजूड पाकिटं जर्मनीतल्या तीन राज्यांना रवाना झाली होती. घरी तिचा नवरा हृषिकेश पोहे खात खात, पाकिटांतून उरलेली एक झेरॉक्स चाळत होता. चाळता चाळता त्याचा चमचा हवेतच थांबला.

"निशी, हे पाठवलंस तू?"

"आत्ताच. तिन्ही. रजिस्टर्ड."

"अगं, यात तू दारुडी आहेस असं लिहिलंय!"

इथे थोडं मागे जायला हवं. हेर ब्रेनर यांच्या स्ट्रक्चरल डिझाइनच्या छोट्या ऑफिसात निशिगंधा दहा वर्षं काम करत होती. हिशोब तिचे, ड्रॉइंग तिची, खालची सही ब्रेनरसाहेबांची. कारण सहीचा अधिकार असलेल्या इंजिनीअरांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. आता ब्रेनर निवृत्त व्हायला निघाले होते. "आल्झो, तर मग, फ्राउ काडिल्कार," ते म्हणाले होते (दहा वर्षांत खाडिलकरांचा 'ख' त्यांना जमला नव्हता), "यादीत नाव लावून घ्या, ऑफिस तुमचं. नाहीतर मला ते विकावं लागेल." ऑफिसची कामं कायझर्सलाउटर्नला, कार्ल्सरूहेला आणि बॉनला. ही तीन गावं तीन राज्यांत पडतात आणि प्रत्येक राज्याची यादी वेगळी, फॉर्म वेगळा, शंका वेगळी. वेळ वाचावा म्हणून निशिगंधाने तिन्हीकडे एकदम अर्ज केला. एकच चूक तीन ठिकाणी एकदम करायची सोय तिने अशी स्वतःच करून ठेवली.

अर्जाला मिरजेतल्या पहिल्या नोकरीचं पत्र लागत होतं. तिथल्या साहेबांनी, वासुदेवरावांनी, ते आनंदाने दिलं, पण मराठीत. "डिझाइन इंग्रजीत करावं, बाई. माणसाबद्दल मराठीत लिहावं," हा त्यांचा जुना नियम. पत्रात होतं: 'निशिगंधाबाई वक्तशीर, मनमिळाऊ आणि सदैव प्रयत्नशील आहेत.' खाली तो कललेला जांभळा शिक्का. पत्र आलं तेव्हा निशिगंधा स्वयंपाकघरात उभी राहून रडली होती. वासुदेवरावांचं ऑफिस एका सतारमेकरच्या दुकानाच्या वर होतं. खाली तारा जुळत, वर बीम. तार सुरात लागली की वासुदेवराव पेन्सिल खाली ठेवत आणि म्हणत, "त्याचं झालं. आपलं?"

"इथे शिफारसपत्रात वाईट लिहायला कायद्याने बंदी आहे," हृषिकेश सांगत होता. सॉफ्टवेअर कंपनीत माणसं निवडता निवडता तो या विषयात तयार झाला होता. "म्हणून सगळं वाईट गोड करून लिहितात. वक्तशीर म्हणजे हिला फक्त वेळेवर यायला येतं. 'गेझेलिश', मनमिळाऊ, म्हणजे कामावर पिते. आणि 'श्टेट्स बेम्युट', सदैव प्रयत्नशील..."

"म्हणजे?"

"म्हणजे बिचारी धडपडते, जमत काही नाही. नापास, निशी. सरळ नापास."

"सरांनी असं लिहिलं नाहीये!"

"सरांनी नाही. श्रीधरकाकांनी."

श्रीधरकाका बॉनला राहत. सत्तरच्या दशकात जर्मनीत आलेले, कोर्टात रीतसर शपथ घेतलेले भाषांतरकार. निशिगंधाने लगेच फोन लावला.

"काका, तुम्हाला 'बेम्युट'चा अर्थ माहीत नव्हता?"

"चाळीस वर्षं झाली इथे. न माहीत असायला काय झालं?"

"मग लिहिलंत कसं?"

"मी शपथ घेतलेला माणूस आहे, निशिगंधा. प्रयत्नशीलला बेम्युट. उद्या तू म्हणशील भेंडीला गुलाब लिहा."

"पण माझं नुकसान होतंय ना, काका!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. मलाही वाईट वाटलं. लिहिताना दोनदा थांबलो. पण शब्द बदलायचा तर मूळ बदलून आण. मी बदलणार नाही."

मूळ म्हणजे वासुदेवराव. संध्याकाळी मिरजेला फोन लागला. अलीकडे त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे निम्मं संभाषण शेजाऱ्यांनीही ऐकलं असावं.

"सर, इथे 'सदैव आमच्या पूर्णतम समाधानाप्रमाणे काम केलं' असं लिहायची पद्धत आहे!"

"पूर्ण काय?"

"पूर्णतम!"

"पूर्णला 'तम' कसा लागेल, बाई? टाकी पूर्ण भरली की पूर्ण. त्याच्यावर भरली तर ती वाहते."

"ही त्यांची भाषा आहे, सर."

"त्यांच्या टाक्या वाहतात का?"

"नाही, सर."

"मग लिहिताना का वाहतात?"

शेवटी तिने खरं ते सांगितलं: नाव लागलं नाही तर ऑफिस विकलं जाईल आणि उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या सहीखाली काढावं लागेल.

"मजकूर पाठवा," वासुदेवराव म्हणाले. "मी सही करतो."

हृषिकेशने मजकूर आधी जर्मनमध्ये रचला, मग त्याचं मराठी केलं. वासुदेवरावांनी तो लेटरहेडवर उतरवून, सही-शिक्क्यानिशी परत पाठवला. श्रीधरकाकांनी तो वाचून नाक मुरडलं. "हे मराठी जर्मनमधून आलंय. वास येतो. असो, मला वासाचं भाषांतर करावं लागत नाही." त्यांनी शब्दाला शब्द ठेवला आणि तयार झालं ते अगदी नमुनेदार जर्मन शिफारसपत्र. 'आधीच्या पत्राऐवजी कृपया हे जोडावे' अशी चिठ्ठी लावून पुन्हा तीन पाकिटं गेली.

पुढच्या आठवड्यात कार्ल्सरूहेच्या राज्यातून फोन आला. फ्राउ केलर नावाच्या बाई होत्या, आवाज मऊ.

"फ्राउ खाडिलकर," त्यांनी 'ख' अचूक उच्चारला आणि निशिगंधा सावध झाली. इतकी काळजी घेणारं माणूस काही सोडत नाही. "तुमचं पहिलं पत्र आम्ही मान्य केलं होतं."

"मान्य? त्यात तर 'बेम्युट'..."

"परदेशी पत्रातली विशेषणं आम्ही वाचत नाही. तारखा पाहतो, कामाचं स्वरूप पाहतो. दुसरं मात्र वाचावं लागलं, कारण ते दुसरं होतं. मग पहिलंही वाचलं. एकच साहेब, एकच काळ, दोन मतं. यातलं खरं कोणतं, हे त्यांनी स्वतः कळवावं."

त्याच आठवड्यात उरलेल्या दोन राज्यांचीही पत्रं आली. एरवी शाळेच्या सुट्ट्या कधी असाव्यात यावरही या राज्यांचं एकमत होत नाही. ते या बाबतीत झालं.

"सरांना सांग, 'दुसरं खरं' एवढंच लिहा," हृषिकेश म्हणाला. "दोन शब्द. विषय संपला."

निशिगंधाने फोन केला, पण ते दोन शब्द तिच्या तोंडून निघेनात. "सर, त्यांनी विचारलंय, खरं पत्र कोणतं," एवढंच ती म्हणाली.

"विचारलंय ना? मग सांगायला हवं," वासुदेवराव म्हणाले. आवाजात चक्क हुशारी आली होती.

त्यांचं उत्तर थेट श्रीधरकाकांकडे गेलं. काकांनी भाषांतर करण्याआधी फोनवर वाचून दाखवलं. "'दोन्ही पत्रांवरची सही माझी आहे. पहिलं मी लिहिलं. दुसरं मी उतरवलं. पहिलं खरं आहे.' संपलं."

"संपलंच," स्पीकरवर ऐकणारा हृषिकेश म्हणाला. "काका, हे पाठवू नका."

"ते मी ठरवत नाही. तिने ठरवायचं."

निशिगंधा खिडकीशी गेली. समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या तिने डिझाइन केल्या होत्या. मिरजेत असती तर वासुदेवरावांनी विचारलं असतं, "बाल्कनीचा प्रयत्न झाला का?" आणि ती म्हणाली असती, "हिशोब झालाय सर, प्रयत्न व्हायचाय." दुपारच्या चहानंतर पहिला कागद टेबलावर पालथा टाकून नव्या कागदावर सुरुवात करायची, खाली तार पुन्हा उतरवून पुन्हा चढवली जात असायची, आणि दोन्ही कागदांवर उत्तर एकच आलं की काय बरं वाटायचं. तसं बरं तिला जर्मनीत कुठल्याच कॉम्प्युटरने वाटू दिलं नव्हतं. तो दुसरा हिशोब ती अजूनही करायची. ब्रेनरसाहेब घरी गेले की, गुपचूप.

"पाठवा, काका," ती म्हणाली.

"निशी!"

"अरे, सर खोटं बोलले नाहीत, आता मी त्यांना बोलायला लावू? आमच्याकडे प्रयत्न म्हणजे धडपड नव्हे. हिशोब एकदा झाला की पहिलं उत्तर न बघता, दुसऱ्या पद्धतीने, पहिल्यापासून परत करायचा. त्याला आम्ही प्रयत्न म्हणायचो. तो न करता ड्रॉइंग खाली गेलं, तर सर जिना उतरून परत आणायचे."



"हे तू आधी का नाही सांगितलंस?" श्रीधरकाका जवळजवळ ओरडले.

"तुम्ही म्हणालात, शब्द बदलणार नाही."

"नाहीच बदलणार! पण टीप देता येते ना! भाषांतरकाराची टीप! मूळ लेखक सदर शब्द कोणत्या अर्थाने वापरतो ती! तू 'बदला, बदला' म्हणत बसलीस. 'टीप द्या' म्हणाली असतीस तर त्याच दिवशी दिली असती. थांब, मिरजेचा नंबर दे. मला त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं, शपथ आहे."

दोन म्हातारे फोनवर भेटले. 'प्रयत्न'वर बोलणं लवकर संपलं. 'मनमिळाऊ'वर मात्र त्यांचं जुंपलं. वासुदेवरावांच्या मते मनमिळाऊ म्हणजे जी सतारमेकरला 'जरा हळू' न सांगता काम करते ती. काकांना ही व्याख्या फार सैल वाटली. शेवटी तीही टीप म्हणून गेली. मूळ पत्र चार ओळींचं, टिपांनी पानभर जागा खाल्ली.

फ्राउ केलरबाईंचा फोन आला तेव्हा निशिगंधा उभीच राहिली.

"टिपा वाचल्या," बाई म्हणाल्या. "प्रयत्नाच्या टिपेतलं काम आमच्याकडे दुसरा इंजिनीअर करतो. त्याला वेगळं नेमावं लागतं."

"हो," निशिगंधा म्हणाली.

"ती सतारीची टीप आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचली. तुमचं नाव यादीत घेतलंय."

उरलेल्या दोन राज्यांनी काहीही न बोलता घेतलं. ब्रेनरसाहेबांनी किल्ल्या दिल्या, आणि निशिगंधाने सही केलेलं पहिलं ड्रॉइंग बॉनला गेलं. तिने मिरजेला कळवलं, तेव्हा वासुदेवराव म्हणाले, "छान. नाव नीट छापलंय का बघा." आणि फोन ठेवता ठेवता, "परत एकदा बघा."

पंचवीस वर्षांपूर्वी वासुदेवरावांच्या मुलाने पहिल्या नोकरीसाठी त्यांच्याकडे शिफारसपत्र मागितलं होतं. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं होतं: 'हा माझा मुलगा आहे, म्हणून मला मत नाही.'