एक मात्रा जास्त

आमचे घरमालक मधुभैया रोज सकाळी उजव्या पायात एकच लोकरीचा मोजा चढवतात. रायपूरचा मे महिना असला तरी. बाहेर डांबर पातळ होत असतं, कावळे कूलरच्या पाण्यावर भांडत असतात, आणि सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि एका मोज्यात गिटार घेऊन बसतात. समोर जमिनीवर एक लोखंडी डबा. गिटारीला साथ करणारं यंत्र आहे ते. त्याला पेडल म्हणतात आणि ते पायानंच दाबावं लागतं. आता वाद्याला पाय लावायचा म्हणजे सरस्वतीलाच लावायचा. त्यावर त्यांनी काढलेली पळवाट म्हणजे हा मोजा. "मोजा लागते, पाय नाही लागत," असं ते सांगतात. तरी मन खात असावं, कारण डबा दाबला की ते वाकून त्याला नमस्कार करतात आणि मगच तारांना हात लावतात. तोवर डबा सुरू होऊन बराच पुढे गेलेला असतो.

हे सगळं मला का ठाऊक, तर समता कॉलनीतल्या त्यांच्या घराच्या तळमजल्यावर माझा दातांचा दवाखाना आहे, आणि त्यांची वरची बैठक नेमकी माझ्या खुर्चीच्या डोक्यावर येते. मी मूळची नाशिकची. नवऱ्याला नव्या रायपुरातल्या एका संस्थेत नोकरी लागली म्हणून इकडे आले. जागा बघायला गेले तेव्हा मधुभैयांनी पाण्याचं, विजेचं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "तुमची दात कोरायची मशीन कोणत्या सुरात चालते?" मला वाटलं, चला, घरमालक विनोदी आहे. घरमालकाला गप्प बसवायचं कलम कुठल्याही करारात नसतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मधुभैया वीज मंडळातून निवृत्त झालेले. घराणं नागपूरकर भोसल्यांच्या वेळेपासून छत्तीसगढात, त्यामुळे मराठी अशी की माझ्या आईला फोनवर त्यांचं निम्मं बोलणं समजावून सांगावं लागतं. तरुणपणी बिलासपूरला असताना तिथल्या रेल्वे क्लबातल्या एका गार्डसाहेबांनी त्यांना जॅझ गिटार शिकवली. तेव्हापासून त्यांचं जगाशी एकाच गोष्टीवरून भांडण आहे. लोक मात्रा खातात, म्हणजे तालातला ठोका गिळून पुढे जातात.

"मात्रा खाऊ नका!" हे ते कुणालाही सुनावतात. वरातीतल्या बँडला, कचरागाडीच्या भोंग्याला, शेजारच्या कुकरच्या शिट्टीलासुद्धा. मी भेटले की ठरलेला विनोद: "डाक्टरीणबाई, लोकाईच्या दातात अडकलेल्या मात्रा काढत जा." पहिल्यांदा मी मनापासून हसले होते. आता ते जिन्यात दिसले की मी पर्समध्ये किल्ली शोधू लागते.

गणपतीत तर त्यांनी कहर केला. मराठी मंडळाची आरती रंगात आली होती आणि झांजा जरा घाईला आल्या होत्या, जशा त्या सगळीकडे येतात, कारण मागच्या खोलीतून प्रसादाचा वास सुटलेला असतो. मधुभैया आरतीच्या तबकापुढे हात आडवा घालून उभे राहिले. "थांबा! एक मात्रा खाल्ली तुम्ही. देवाच्या दारात चोरी करून राहिले?" गुरुजी, अध्यक्ष, निरांजन धरलेल्या वहिनी, सगळे जागच्या जागी. आरती पहिल्यापासून म्हणावी लागली. पुढच्या वर्षी मंडळानं त्यांना मोदक वाटायच्या कामावर नेमलं, आणि तेही दुसऱ्या खोलीत.

अशा माणसाच्या साथीला कोण टिकणार? तबलजी पळाले, की-बोर्डवाले पळाले. एक ढोलकवाला तर ढोलक ठेवून पळाला; ती अजून जिन्याखाली पडून आहे. मग मधुभैया मोबाइलवरच्या तयार साथीकडे, म्हणजे बॅकिंग ट्रॅककडे वळले. गिटार सोडून बाकी सगळा ताफा त्यात वाजत असतो, आपण आपली गिटार भरायची. पण मधेच भिंतींची ओल रोखणाऱ्या रंगाची जाहिरात यायची. ऐन रंगात एक बाई विचारायची, "क्या आपकी दीवारों में भी सीलन है?" मधुभैया थांबत नसत. ते त्या बाईच्या बोलण्यावरही गिटार वाजवत आणि नंतर मला सांगत, "बाई तालात बोलते बरं का."

शेवटी बंगळुरूच्या मुलानं हे पेडल पाठवलं. याची रीत अशी, की आपण आधी एक चक्कर, म्हणजे गाण्याचा एक पूर्ण फेरा, साध्या कॉर्डमध्ये वाजवून दाखवायचा. डबा तो ऐकतो, शिकतो, आणि मग त्याला धरून ड्रम आणि बेस आपोआप वाजवत राहतो. दुसरं काही शिकवेपर्यंत तेच. वीज गेली तरी विसरत नाही. मधुभैया बेहद्द खूश. "याले चाय नाही, सुतक नाही, सासुरवाडी नाही. शिकवलं थेच वाजवते."

शिकवलं तेच वाजवतो, इथेच माझं नशीब फुटलं. कारण त्याला एकच चक्कर शिकवलेली होती, महिनोन्महिने तीच चालू होती, आणि तिच्यात एक मात्रा जास्त होती.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण चार-चारच्या रांगेत एका ठिकाणी पाच आले की मलाही कळतं. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं होतं. अशा वेळी माझ्या हातात कुणाच्या तरी दाढेत फिरणारं ड्रिल असतं. दिवसभर ऐकून ऐकून हात आपोआप वरच्या तालाला लागतो आणि त्या जागी बरोब्बर अडखळतो. बीरगांवच्या कारखान्यातल्या एका फिटरनं काळजीनं विचारलं, "मैडम, ऊपर वाली मशीन का बेयरिंग गया है क्या?" एका गायनाच्या मास्तरांनी खुर्चीत पडल्यापडल्या बोट वर केलं. मी घाबरून ड्रिल बाहेर काढलं. "दर्द हुआ?" तर म्हणाले, "नहीं मैडम, ऊपर एक मात्रा बढ़ गई." ते मास्तर पुन्हा आले नाहीत. अर्धी दाढ कोरलेली तशीच घेऊन कुठे गेले देव जाणे.

मी मधुभैयांना जिन्यात गाठलं.

"मधुभैया, तुमच्या डब्यात एक मात्रा जास्त आहे."

"कुठं?"

"मधे. रोज अडखळतो तिथे."

"काही जास्त नाही. बरोबर आहे," असं म्हणून मोजा वर ओढत ते निघून गेले.

देवाची आरती थांबवणारा माणूस! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुकरला सोडत नाहीत, आणि स्वतःच्या पायाखालची चूक ऐकू येत नाही? कान गेले असतील म्हणावं, तर त्याच संध्याकाळी माझ्या दाराची बिजागरी बेसूर कुरकुरते म्हणून तेलाची बाटली घेऊन हजर. माझ्या नवऱ्यानं इंटरनेटवर शोधून काढलं की पेडल थोडा वेळ दाबून धरलं की जुनी चक्कर पुसली जाते. मी ठरवलं, आता आपणच वर जाऊन ते दाबायचं. मोजा न घालता.

एका सोमवारी रूट कॅनाल करताना माझा हात फारच वाईट अडखळला. त्या बाईंना कसंबसं सोडलं आणि मी अ‍ॅप्रनसकट वर गेले. मधुभैया वाजवत होते. समोर वेताच्या खुर्चीत एक बारकेसे गृहस्थ बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. रोज जुन्या शहरातल्या बूढापाऱ्याहून ई-रिक्षानं येऊन जिना चढताना दिसायचे ते हेच. मला इतके दिवस ते वीज मंडळातले कुणी वाटत होते.

"हा बंडू," मधुभैया वाजवता वाजवता म्हणाले. "आमी दोघाईनं सारं रायपूर वाजवलं. शादी, क्लब, पार्टी, सारं. मी सोलो, हा साथीले. या डब्ब्यालेबी यानंच शिकवलं."

बंडूभैया हसले. नमस्कारासाठी एक हात मांडीखालून निघाला आणि इतका थरथरला की त्यांनी तो परत जागेवर ठेवून दिला.

माझ्या डोक्यात राग होता, तोंडाला आवर नव्हता. मी म्हटलं, "मधुभैया, ते तुमच्या चकरेत एक—"

"चाय!" मधुभैया इतक्या मोठ्यानं ओरडले की माझं वाक्य तिथेच मेलं. "डाक्टरीणबाईले चाय पाह्यजे. बस तू बंडू, मी दूध सांगून येतो." गिटार ठेवून, माझं कोपर धरून त्यांनी मला जिन्यात आणलं. वर डबा एकटाच वाजत राहिला.

"कंपवात आहे त्याले," ते अगदी हळू म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला नवीन होतं. "डब्बा आला त्या दिवशी म्हणे, याले साथ मी शिकवतो. हात तवाच कापून राहिले होते. मधात एका जागी बोट अटकलं, डब्ब्यानं थेच धरलं. आता तर त्याले तारच दाबता येत नाही."

"मग तुम्ही शिकवा ना नीट."

"मंग थे माही साथ झाली ना. मले काहून पाह्यजे माही साथ?" ते चिडलेच. "तो रोज इतक्या दुरून येते, आपली साथ ऐकते. त्याले वाटते, आपून अजून मध्यासंगं वाजवून राहिलो. चुकलं हे त्याले माहीत नाही. माहीत पडलं तर उद्यापासून तो येणार नाही, पोरी. घरी भिंतीकडे पाहत बसन." मग जरा ऐटीत म्हणाले, "मी त्या जागी सूर असा लांबवतो, की पाच झाले हे कोणाले समजतच नाही. तो यायच्या आधी मी रोज त्याचीच तर प्रॅक्टिस करतो."

म्हणजे सकाळी दवाखाना उघडल्यापासून डोक्यावर जे चालतं ते हेच. मी चहा न पिताच खाली आले. माझा प्रश्न जिथल्या तिथे होता, वर आता तक्रार करायचीही सोय उरली नाही. मला त्या दोघांचं फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटायला लावलं म्हणून मधुभैयांचा आणखीच राग आला. रुग्णांना मी सांगू लागले की वर दुरुस्तीचं काम चालू आहे.

दिवाळीनंतर बंडूभैयांची दाढ दुखायला लागली. मधुभैया त्यांना घेऊन आले, खुर्चीत बसवलं, खुर्चीचं हँडल हलवून पाहिलं, मला चार सूचना केल्या आणि वर गेले. मी भुलीचं इंजेक्शन दिलं आणि जबडा बधिर व्हायची वाट बघत हत्यारं मांडू लागले. वर डबा सुरू झाला. बंडूभैयांनी डोळे मिटले. ती जागा आली आणि गेली.

"एक मात्रा जास्त आहे," ते म्हणाले.

माझ्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला. "काय म्हणालात?"

"मधात. मीच चुकलो तिथं. तवाच समजलं होतं मले."

"मग मधुभैयांना सांगितलं का नाही?"

त्यांचे शब्द आता एका बाजूनं घसरायला लागले होते. "या मध्यानं सारी जिंदगी मले शिव्या देल्ल्या. अर्धी मात्रा इकडची तिकडं झाली तर भर शादीत ओरडे. दूल्हा घोड्यावरून वळून पाहे. आन त्या दिवशी मी पुरी मात्रा चुकलो, तर हा काहीच बोलला नाही. 'वा बंडू' म्हणे." त्यांनी जिभेनं गाल चाचपला. "डाक्टर लोकं तर म्हणून राहिले होते, गोळ्याईनं सुधारन. मले त्या 'वा'नं समजलं, का आता हात गेला."

मी उगाच दिव्याचा कोन बदलला.

"त्याले सांगू नोका, बाई," ते म्हणाले. "इतक्या मेहनतीनं लपवून राहिला बिचारा. पण एक शिवी देल्ली असती ना, तर बरं वाटलं असतं."

मी दाढ काढायला घेतली. वेळ लागला, कारण त्यांची मानही हलत होती आणि मला दर वेळी ती स्थिर व्हायची वाट बघावी लागत होती. वर गिटार थांबली. जिन्यावर पावलं वाजली आणि मधुभैया दारात येऊन उभे राहिले. मी नुकताच कापसाचा बोळा दाबून बसवला होता.

"काय बे बंड्या!" ते गरजले. बाहेर थांबलेल्या दोन बायका दचकल्या. "एका दाढेले इतका टाइम? मी तिकडं वाट पाहत बसलो ना बे, गधा कुठचा! शादीत बाराती येऊन जात, तरी हा पान खात बसे. सारी जिंदगी तुले वेळेचं भान नाही आलं, आता काय येते!"

मी चांगलीच भडकले. रुग्णाची आत्ता दाढ काढली आहे, इथे आवाज करायचा नाही, असं ठणकावून सांगायला मी वळले, आणि खुर्चीकडे नजर गेली. बंडूभैयांचे दोन्ही हात उघड्यावर होते, हँडलवर मनसोक्त थरथरत होते. ते हसत होते. अर्धं तोंड बधिर होतं, त्यामुळे हसू एकाच बाजूला मावत नव्हतं.

त्यांनी बोळा दातांत धरला आणि मान मधुभैयांकडे वळवली.

"जराकसं जोरानं बोल बे," ते म्हणाले. "बरोबर ऐकू नाही आलं."