अण्णांचा पहिला दिवस

आमच्या गल्लीत अण्णा कुजबुजायला लागले की समजायचं, वर पाहुणे आले आहेत आणि पैसे अजून आलेले नाहीत.

एरवी अण्णांचा आवाज गंगापूर रोडच्या सिग्नलपर्यंत जातो. नोकरीभर ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. माइक बिघडला तरी त्यांच्या घोषणा थांबत नसत. निवृत्तीनंतर त्यांनी बंगल्याचा वरचा मजला बुकिंगच्या साइटवर टाकला. म्हणजे टाकला मी. मी शेजारी राहतो, विम्याच्या ऑफिसात कारकून आहे, आणि मला फोनमधलं कळतं असा अण्णांचा समज आहे. पुढे जे झालं त्याचं मूळ मीच, हे आधीच सांगून टाकतो. मनाला बरं वाटतं.

पहिले पाहुणे आले तेव्हा अण्णांनी मला हाक मारली. ती गल्लीने ऐकली.

"सुधीर, पाव्हणा म्हणतो पैसे कधीच भरले. मग माझे कुठं हायेत?"

मी समजावलं. पाहुणा पैसे साइटला देतो. साइट ते धरून ठेवते. पाहुणा येऊन एक दिवस झाला की आपलं कमिशन कापते आणि उरलेले अण्णांच्या खात्यात सोडते.

"एक दिवस कशापायी?"

"काही बिघडलेलं असलं तर पाहुण्याला तक्रार करता यावी म्हणून. तक्रार खरी ठरली तर पैसे त्याला परत."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला सगळं नीट सांगितल्याशिवाय राहवत नाही. "आवाजाचीही तक्रार चालते," मी म्हणालो.

झालं. त्या दिवसापासून पाहुणा आला की पुढचा एक दिवस अण्णा घरात अनवाणी फिरतात. शिंक आली तर उशीत देतात. रेडिओ बंद, मिक्सर बंद. कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बंद, त्यामुळे डाळ कच्ची. भंगारवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच हात जोडतात. माझ्या स्कूटरचं इंजिन बंद करून ती फाटकापासून ढकलत न्यावी लागते. साइटला ते "वरचे" म्हणतात. "वरच्यांचं लक्ष असतं," ते माझ्या कानाशी येऊन सांगतात.

काकू मात्र खूश. "लग्नानंतर मला शांतता मिळाली ती या साइटमुळे," त्या म्हणतात. "रोज नवे पाहुणे पाठव रे सुधीर."

मग बँकेचा मेसेज येतो. अण्णा गच्चीवर जातात आणि छाती भरून ओरडतात, "गाडी सुटली!" लगेच रेडिओ, मिक्सर, शिंका, सगळं एकदम सुरू होतं. तोवर पाहुणे चांगले रुळलेले असतात. ते दचकतात, पण तक्रार करून उपयोग नसतो.

या व्रतामुळे अण्णांच्या जागेबद्दल एकही तक्रार नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मोबाइल दाखवायचे. "बघा. डाग नाय."

गेल्या हिवाळ्यात पुण्याचं एक तरुण जोडपं आलं. द्राक्षमळे बघायचे, त्र्यंबकला जायचं, चार रात्री राहायचं, असा बेत होता. दुपारी आले आणि संध्याकाळी बॅगा घेऊन खाली उतरले. मुलाच्या वडिलांना जळगावला दवाखान्यात नेलं होतं. मुलाचा चेहरा उतरलेला. चावी देताना त्याने चाचरत विचारलं, "काका, पैशांचं काही होईल का? आता तिकडे लागतील."

मी नियम बघितले. मुक्काम सुरू झाल्यावर पैसे परत नाहीत. आजारपणासाठी अर्ज करता येतो, पण त्याला कागद लागतात, दिवस लागतात. मी मान खाली घालून तसं सांगितलं. जणू तो नियम मीच केला होता.

अण्णा विचारात पडले. "पैसे अजून वरच हायेत ना?"

"हो. तुमच्याकडे उद्या येतील."

"मग तक्रार केली की सरळ याला जातील." ते मुलाकडे वळले. "लिही. गिझर बंद हाय म्हणून लिही."

"पण गिझर छान चालतोय, काका."

"अण्णा, हे खोटं होईल," मी म्हणालो. "आणि तुमच्या नावावर तक्रार लागेल."

"खोटं कशाला लिहील तो? थांब."

अण्णा स्क्रूड्रायव्हर घेऊन वर गेले. थोड्या वेळाने वायर तुटलेला गिझर बगलेत मारून खाली आले आणि तो ओट्यावर ठेवला. "काढ फोटो."

मुलगा नको नको म्हणत होता. काकूंनी त्याच्या बायकोच्या हातात दशम्यांचा डबा दिला. अण्णांनी स्वतः उभं राहून तक्रार पाठवायला लावली. मग कोणत्या रस्त्याने जायचं, कुठे ट्रक अडतात, चहाला कुठे थांबायचं, सगळं कुजबुजत सांगितलं. गाडी वळली तरी ते फाटक धरून उभे होते.

"माझे वडील गेले तेव्हा मी स्टँडवर होतो," ते म्हणाले. "निरोप आला होता. साहेब जा म्हणाले होते. मीच म्हटलं, संध्याकाळच्या गाड्या काढतो आणि निघतो. सगळ्या गाड्या वेळेवर काढल्या, सुधीर. मी तेवढा राहिलो."

काकू आत गेल्या आणि त्यांनी उगाचच स्वयंपाकाचा ओटा पुसायला घेतला.

नंतर मला साइटवर एक बटण सापडलं. मालकाला स्वतःहून पैसे परत करता येतात, ना तक्रार, ना फोटो. मी ते अण्णांना सांगितलेलं नाही. हे एक ओझं माझ्या मनावर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन वाजला. मी तिथेच होतो, गिझरची वायर जोडायला इलेक्ट्रिशियन शोधून देत होतो. अण्णांनी फोन कानाला लावला, ऐकलं आणि माझ्या हातात दिला.

"काका? ऐकू येतंय ना?" पलीकडून मुलगा विचारत होता. "पोचलो वेळेवर. बाबांनी डोळे उघडले. मला म्हणाले, जेवलास का."

"काका ऐकतायत," मी म्हणालो.