मास्तरांनी बेतलेली गाडी

मास्तर गाडीच्या मागच्या बाजूला टेप घेऊन आत शिरले होते आणि पँटचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर एक पाय पुढे करून केव्हाचं ताटकळत होतं.

"मास्तर, माझं माप घेताय ना?"

"घेतो हो. तुमची कंबर काय पळून चाललीय?" आतून आवाज आला. "रुंदी बघा कशी ऐसपैस आहे! दोन माणसं आडवी होतील इथं."

"माझ्या पँटमध्ये?"

"गाडीत हो!"

गिऱ्हाइकाने पाय मागे घेतला. गेला महिनाभर मास्तरांचं हे असंच चाललं होतं. हातात कात्री, गळ्यात टेप आणि डोळ्यांसमोर समुद्र. त्यांच्या जुन्या गाडीची मागची सीट काढायची, तिथे फळी टाकून पलंग करायचा, खिडक्यांना पडदे लावायचे आणि गाडी थेट वाळूच्या कडेला नेऊन उभी करायची. मागचं दार वर उघडलेलं, आत गार वारा, बाहेर लाटा, आणि पलंगावर त्यांची बायको गाढ झोपलेली. एवढंच स्वप्न होतं. पण मास्तर ते दिवसातून इतक्या वेळा बघत की त्यांच्या शर्टांना हल्ली बटणं कमी आणि काजं जास्त पडू लागली होती.

बायकोला सगळी गल्ली सिस्टर म्हणायची. उभा जन्म तिने मोठ्या हॉस्पिटलात रात्रपाळी केली होती आणि नोकरी संपल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. झोपेच्या गोळ्या घ्यायला ती तयार नव्हती. "जन्मभर लोकांना वाटल्या, आता माझ्यापुढे नका धरू," म्हणायची. मग मास्तरांनी घरातला आवाजच संपवायचं मनावर घेतलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवला. गळका नळ बदलला. खुर्च्यांच्या पायांना जाड कापडाचे मोजे शिवले. शिलाई मशीनला इतकं तेल पाजलं की कपड्यांवर डाग पडू लागले. घर कसं चिडीचूप झालं. तरी सिस्टर आपली छताकडे बघत पडलेली.

"अहो," ती अंधारात म्हणायची, "तुम्ही श्वाससुद्धा चोरून घेताय, कळतंय मला. झोपा आता."

मास्तरांना फार वाईट वाटे. हिने इतक्या लोकांना झोपवलं आणि हिला मात्र झोप नाही! ते काही नाही, घरात जमत नसेल तर समुद्रावर जमवायचं, असं त्यांनी ठरवलं.

आधी ते रीतसर गॅरेजात गेले होते. गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत आणि तो स्वतःलाही उस्तादच म्हणे. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला उगीच लाथ मारली आणि सांगितलं, "फळी, स्क्रू, सगळं सामान तुम्ही आणा. उस्ताद फक्त मजुरी घेतो. तासावर."

"सामान माझं, गाडी माझी, कल्पना माझी. मग मजुरी कशाची?"

"वा मास्तर! परवा आमची मंडळी ब्लाऊजचं कापड घेऊन तुमच्याकडे आली, तेव्हा हेच बोलली ती. कापड माझं, दोरा माझा, माप माझं. तुम्ही काय म्हणालात?"

मास्तरांनी तिला शिलाईवर चांगलं व्याख्यान दिलं होतं. ते आठवून ते जरा गडबडले. "शिलाईचं वेगळं आहे," ते म्हणाले, "त्यात हात लागतो."

"आणि इथं काय आम्ही पायाने करतो?"

मास्तर तडक घरी आले. गाडीचं काम म्हणजे तरी काय? आतून अस्तर लावायचं, इतकंच. लोकांच्या अंगावर तंतोतंत कोट बसवणाऱ्याला एका गाडीचं अंग जड जाणार होतं थोडंच!

आणि खरं सांगायचं तर सुरुवात झकास झाली. काढलेली सीट दुकानात गिऱ्हाइकांना बसायला ठेवली, तिथे लोक उगाच येऊन बसू लागले. निळ्या पडद्यांना मास्तरांनी हाताने काजं केली. गादी अशी शिवली की चाकाच्या फुगवट्यापाशी तिला सुंदर गोलाई आली. गल्लीतल्या बायका पडदे बघायला आल्या. त्यांतल्या एकीने, तुमच्या गाडीत येऊन राहावंसं वाटतं, असंही म्हटलं. मास्तर हवेतच गेले.

राहिली फळी. ती मास्तरांनी सुताराकडून करवत मागून आणून स्वतः कापली. खडूने आखलं, समुद्र डोळ्यांसमोर आणला आणि हात सवयीने चालू दिला. आता कापड बेतताना शिलाईत आत दुमडायला म्हणून चहूबाजूंनी थोडं जास्तीचं सोडतात. मास्तरांनी फळीलाही तसंच जास्तीचं सोडलं. कापून झाल्यावर फळी उभी धरून ते कौतुकाने बघत राहिले. लाकूड दुमडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा करवत सुताराकडे परत गेलेली होती.

"थोडी घट्ट आहे," ते सिस्टरला म्हणाले, "पण वापरून सैल होईल."

"लाकूड?"

मास्तरांनी एका टोकावर गुडघा दिला, दुसऱ्या टोकावर इस्त्रीचा ठोकळा हाणला. फळी कुरकुरली, वाकली आणि खट्‌दिशी आत बसली. मास्तर घामाघूम झाले, पण खूश. "बघ, काय फिटिंग आलंय! एक सुरकुती नाही."

सुरकुती नव्हती हे खरं. पण फळीने पुढच्या दोन्ही सीटा रेटून पार पुढे नेल्या होत्या. मास्तर स्टिअरिंगपाशी बसले की गुडघे कानांशी येत. हँडब्रेक फळीच्या कडेखाली गेला होता, त्यामुळे गाडी थांबवली की सिस्टरने उतरून चाकाखाली दगड लावायचा, असं ठरलं. फळीचं मागचं टोक बाहेर आल्यामुळे मागचं दार लागेना, तेव्हा मास्तरांनी पायजम्याचं चांगलं रुंद इलॅस्टिक काढून दार बांधून टाकलं.

"आपण समुद्रापर्यंत पोचू ना हो?" दुसऱ्या दिवशी सकाळी मांडीवर दगड घेऊन बसत सिस्टरने विचारलं.

"पोचू म्हणजे काय! तू डोळे मिटून बघ, लाटा ऐकू यायला लागतील."

ऐकू आले ते हॉर्न. पहिल्याच मोठ्या चौकात इलॅस्टिकने जीव सोडला. मागचं दार वर उडालं, निळे पडदे बाहेर फडफडू लागले आणि रस्त्यातल्या सगळ्या लोकांना गादी, दोन उशा आणि फुलाफुलांची चादर दिसली. वाहतूक पोलीस सावकाश चालत आला. त्याने आत डोकावून बघितलं.

"हे काय आहे?"

"पलंग," मास्तर गुडघ्यांच्या मधून म्हणाले.

"मग घरी का नाही ठेवत?"

"घरी झोप येत नाही."

पोलिसाने एक उशी हाताने दाबूनही पाहिली. मग म्हणाला, "समुद्रबिमुद्र काही नाही. आधी गॅरेज गाठा. दार लागल्याशिवाय रस्त्यावर दिसू नका."

उस्तादने त्यांना लांबूनच ओळखलं. हात पुसत तो बाहेर आला, गाडीभोवती फेरी मारली आणि हातांची घडी घालून उभा राहिला.

"कोणत्या टेलरने शिवली ही?"

"फळी तेवढी काढून द्या," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "तासावर."

उस्तादने फळी ओढली, हलवली, तिला शिव्या घातल्या. फळी काही बधेना. शेवटी तो म्हणाला, "पुढची कड ठोकत ठोकत उचलतो. पण मागच्या टोकावर कोणी तरी वजन देऊन पडायला पाहिजे. तुम्ही नको मास्तर, तुमच्या वजनाने चाक बसेल."

सिस्टरने चपला काढल्या आणि ती आत जाऊन गादीवर आडवी झाली. उस्तादने ठोकायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. कोपऱ्यात हवेचा पंप घरघरत होता. पलीकडे कोणाच्या तरी गाडीचं इंजिन खोकत होतं. एक लोखंडी ढकलगाडी कर्रकर्र करत इकडून तिकडे जात होती. पत्र्याच्या फटीतून ऊन येऊन निळ्या पडद्यांवर पडलं होतं आणि पडदे अगदी हळू हलत होते. मास्तर ते बघत उभे राहिले. समुद्र असाच निळा असेल, त्यांच्या मनात आलं.

"सिस्टर, आता जरा डावीकडे सरका," उस्ताद म्हणाला.

"सिस्टर!"

मास्तरांनी पडदा बाजूला केला. सिस्टर झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात गादीबाहेर लोंबणारा, कपाळावरची आठी गेलेली. शाळेतून दमून आलेली मुलगी झोपते तशी. मास्तरांचे डोळे भरून आले. बायकोचा असा झोपलेला चेहरा कसा दिसतो, तेच ते विसरून गेले होते.

उस्तादचा हातोडा पुन्हा वर गेला. मास्तरांनी झेप घेऊन त्याचा हात धरला.

"एक आवाज करायचा नाही!" ते कुजबुजले. "ती झोपलीय."

"मास्तर, तास चालू आहे माझा."

"चालू राहू दे. गप्प बसायची मजुरी देतो. तो पंप बंद करा. त्या इंजिनवाल्याला सांगा."

मास्तर स्वतः चवड्यांवर धावत ढकलगाडीवाल्यापुढे हात जोडून आले. पंप थांबला, इंजिन थांबलं, ढकलगाडी थांबली. गॅरेज कसं शांत झालं. सगळी माणसं हातातली हत्यारं तशीच धरून उभी राहिली.

सिस्टर ताडकन उठून बसली.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गं. आम्हीच जरा शांत..."

"एकदम सगळं थांबलं हो!" तिने छातीवर हात ठेवला. "वॉर्डात काही ना काही वाजत असायचं. कोणी खोकतंय, कोणाची ट्रॉली चाललीय, मशिनं टिकटिकतायत. तेवढं कानावर असलं की खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागायची, सगळे ठीक आहेत म्हणून. शांत झालं की मात्र उठून पळायचं." तिने सगळ्यांकडे बघितलं आणि ओशाळून हसली. "इतकी छान लागली होती हो."

मास्तर मटकन एका टायरवर बसले. महिनोन्‌महिने आपण घरातला एकेक आवाज वेचून बाहेर टाकत होतो आणि ही बिचारी रात्रभर कोण गेलं, कोण गेलं म्हणत जागत होती! त्यांना स्वतःचा राग आला, हसू आलं आणि बायकोची माया आली, सगळं एकाच वेळी.

"पड तू," ते म्हणाले. "काम व्हायचंय अजून. उस्ताद, ठोका."

"म्हणजे फळी काढतो."

"फळीला हात लावलात तर बघा. दुसरं काही तरी ठोका."

"काय ठोकू?"

"काहीही. तासावर आहात ना?"

उस्तादने एकवार मास्तरांकडे बघितलं, एकवार पडद्याकडे. मग त्याने गॅरेजातला एक चेपलेला पत्रा ओढला आणि ठोकायला बसला. पंप सुरू झाला. इंजिन खोकू लागलं. ढकलगाडी निघाली. पडद्याआड थोडा वेळ कूस बदलल्याचा आवाज झाला आणि मग झाला नाही. दुपार कलली, पडद्यावरचं ऊन गादीवरून सरकत पायांशी गेलं. मास्तर टायरवर बसून घोरणं ऐकत होते आणि त्यांना त्यात लाटा ऐकू येत होत्या.

शेवटी उस्तादने हातोडा खाली ठेवला. "चहा पिऊन येतो. मनगट राहिलं नाही."

"जा की. द्या इकडे, मी ठोकतो तोवर," मास्तर म्हणाले. चहाचा वेळही तासात धरणार का, हे विचारावंसं त्यांना वाटलं, पण त्यांनी ते गिळलं. त्यांनी बाह्या सरसावल्या, पत्र्यासमोर बैठक मारली आणि अगदी प्रेमाने एक ठोका दिला. मग दुसरा. तिसरा जरा तिरका गेला.

घोरणं थांबलं. पडद्याआडून झोपेने जड झालेला आवाज आला.

"अहो... तुम्ही नका हो. त्यांनाच करू द्या ते."

मास्तरांनी हातोडा मुकाट्याने दारापर्यंत गेलेल्या उस्तादच्या हातात दिला आणि त्याच्यासाठी चहा आणायला स्वतः गेले.