सतरा हिश्श्यांची जलपर्णी

पाणी सर्वांचं असतं, पण पाण्यावरची घाण मात्र नेहमी शेजाऱ्याची असते. या सत्यावर आमच्या कांचनतला गावची तळेसमिती उभी आहे. तिचा चिटणीस म्हणून अकरा वर्षं मी, निकुंज समाद्दार, उभा आहे. (खुर्ची अद्याप मंजूर झालेली नाही.)

तळं पणजोबांचं. त्यांच्या वंशवृद्धीमुळे आज त्याचे सतरा हिस्सेदार आहेत, आणि जलपर्णीच्या वंशवृद्धीमुळे पाणी दिसत नाही. दोन्हींत जलपर्णी अधिक एकोप्यानं राहते.

आता, ती उपटून का टाकत नाही, असं परका माणूस विचारेल. पण दुसऱ्याच्या हिश्श्यातली जलपर्णी आज जो उपटेल, तो उद्या तिथे वहिवाट सांगेल, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून मी नियम केला: रविवारी सकाळी दहाला जलपर्णी ज्याच्या हिश्श्यात असेल, त्यानंच ती काढावी. नियम इतका न्याय्य होता, की पुढच्या रविवारी पावणेदहालाच सतरा घरांतून माणसं बांबू घेऊन निघाली आणि जो तो जलपर्णी पलीकडे ढकलू लागला. ढकलताना ती तुटते आणि तुकड्यातुकड्याचं नवं रोप होतं. वार्षिक अहवालात मी नोंदवलं: उपस्थिती शंभर टक्के, जलपर्णी तिप्पट. (सर्वांत लांब बांबू माझा. पदाचा काही मान असतोच.)

अशात आमच्या मुलाचं, शुभ्रचं, लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी नवरीकडे रोहू मासा पाठवायचा, तोही नथ घालून, नटवून, ही आम्हा बंगाल्यांची रीत. बायकोनं, नीलिमानं, त्यासाठी चार वर्षं घाटावरून मुरमुरे घालून एक रोहू वाढवला होता. तो घरच्या तळ्याचाच जावा, एवढीच तिची हौस. पण जाळं टाकायला जागा नव्हती.

कार्तिक कोळी म्हणाला, "बाबू, सतरा जण एकदम उतरलात, तर दुपारच्या जेवणापर्यंत तळं मोकळं होईल."

समितीनं त्याचे आभार मानले आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

दुसऱ्या दिवशी नीलिमा पदर खोचून पाण्यात उतरली. घाटावरून माझे चुलतभाऊ भवतोषदा ओरडले, "नीलिमा, तो हिस्सा माझा आहे!"

"हिस्सा तुम्हालाच लखलाभ, दादा. मासा माझा गुदमरतोय!"

भवतोषदांची लेखी तक्रार आली. चिटणीस या नात्यानं मी बायकोला नोटीस काढली आणि स्वयंपाकघरात नेऊन बजावली.

तिनं ती वाचली. "अहो, सही कुठे करू? का अंगठा देऊ?"

"सही चालेल," मी म्हणालो. तिनं सही केली आणि पुन्हा पाण्यात उतरली नाही. प्रशासन असं चालतं.

हळद नेमकी रविवारी होती. पावणेदहाला रोहू आपणहून वर आला, पोट आभाळाकडे करून. वाईट सर्वांनाच वाटलं. पण दहा वाजता तो आपल्या हिश्श्यात नसावा, हेही सर्वांनाच वाटलं. बांबू पुढे झाले. मासा तळ्याला दोन फेऱ्या मारून आमच्याकडे आला.

घाटावर नीलिमा उभी होती. "अहो, बांबू खाली ठेवा," ती म्हणाली. "त्याला मुरमुरे मी घातलेत."

मला फार लाज वाटली. मी बांबू खाली ठेवला. मासा आमची हद्द ओलांडून गेल्यावर.

नवरीकडे शेवटी बाजारातला, आंध्रातून बर्फात आलेला रोहू गेला. व्याह्यांनी बोटं चाटत सांगितलं, घरच्या तळ्याची चवच निराळी. नीलिमा आता घाटाकडे फिरकत नाही आणि माझ्याशी कामापुरतं बोलते.

हे वाचून तुम्हाला आमचं हसू आलं असेल. येऊ द्या. पण मासा नेमका कोणाच्या हिश्श्यात मेला, हाही प्रश्न क्षणभर मनात डोकावला असेल, तर संकोच करू नका. रविवारी पावणेदहाला या. बांबू मात्र ज्याचा त्यानं आणायचा असतो.