वरच्या मजल्यावरचा बर्फ

विज्ञानाच्या बाईंनी ठरवलं, यंदा समुद्राची पातळी फळ्यावर वाढवायची नाही. गेल्या वर्षी घसा कोरडा होईपर्यंत समजावूनही निम्म्या वर्गाने पेपरात लिहिलं होतं, की बर्फ वितळला की समुद्र थंड होतो. म्हणून त्यांनी बर्फवाल्याला लादीचा चतकोर तुकडा सांगितला. त्याने सबंध लादीच आणून टाकली. तुकडा केला तर उरलेली कोणाच्या गळ्यात बांधू, असं त्याचं म्हणणं.

वरच्या मजल्यावरच्या वर्गात पत्र्याचा मोठा टब मांडला गेला. त्यात विटा रचून जमीन केली, जमिनीवर लादी, आणि भोवती काठाच्या जरा खालपर्यंत पाणी. शेजारी काचेच्या भांड्यात बर्फाचे बारके खडे तरंगत सोडले आणि पाण्याच्या पातळीला खूण केली. ते पार वितळले, तरी पाणी खुणेवरून हललं नाही. तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, मग घाबरायचं कशाला? बाई खुलल्या. तरंगणारा बर्फ पाण्यात आपली जागा आधीच अडवून बसलेला असतो, खरी भीती जमिनीवरच्या बर्फाची, असं त्या सांगत होत्या, तोच मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं.

"आलेच मी. टबाला कुणी हात लावायचा नाही. नुसतं निरीक्षण करायचं."

वर्ग इतका आज्ञाधारक कधीच झाला नव्हता. लादी खालून झिजून तिरकी झाली, ते मुलांनी पाहिलं. विटांवरून घसरून ती धपकन पाण्यात पडली, तेही पाहिलं. पाणी काठाबाहेर उसळलं, दाराखालून निघालं आणि जिना उतरू लागलं. मुलं पाय बाकावर घेऊन निरीक्षण करत राहिली.

जिन्याच्या पायथ्याशी बालवर्ग होता. दुसऱ्या दिवशी पालकांना दाखवायला त्या चिमुरड्यांनी बरेच दिवस खपून जमिनीवर पुठ्ठ्याचं गाव उभारलं होतं.

बाई कार्यालयातून परतल्या, तेव्हा गावातली घरं गुडघे टेकून बसली होती. बालवर्गाच्या ताई एक शब्द न बोलता फडक्याने पाणी टिपत होत्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. तेवढ्यात कठड्यावरून वाकून त्यांच्याच वर्गाने आनंदाने कळवलं, की प्रयोग यशस्वी झाला.

ओलं छप्पर हातात धरून एक चिमुरडी बाईंसमोर आली.

"तुम्ही बर्फ कशाला आणला?"

"वरच्या मुलांना समुद्र कसा वाढतो ते दाखवायचं होतं, बाळा."

"मग आम्हाला का दाखवलं?"

बाईंनी आपला वर्ग खाली आणला, खळीचं भांडं मागवलं आणि शाळा सुटेपर्यंत सगळ्यांनी भिंती चिकटवल्या. पण भिजलेला पुठ्ठा एकदा मऊ पडला तो पडलाच. बाईंनी ताईंची माफी मागितली. ताई म्हणाल्या, "असू दे," पण ते असू देण्याजोगं नव्हतं हे दोघींनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी पालक आले. बाई चोरासारख्या दाराआड उभ्या होत्या. गाव निम्मंच उरलं होतं, पण आता ते टेबलावर खुर्च्या आणि खुर्च्यांवर फळ्या टाकून पार खांद्याइतक्या उंचीवर वसवलं होतं. एका वडिलांनी मान उंचावून पाहिलं आणि आपल्या लेकीला विचारलं, "एवढ्या उंचावर का गं बांधलंत?"

ती कालचीच चिमुरडी. तिने छताकडे बोट दाखवलं.

"वर बाई शिकवतात ना, म्हणून."